पेट्रोलपंपवाल्याचा मुलगा: पिएर लुइजी बेर्सानी

इटलीच्या राजकारणाविषयी आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा माजी पंतप्रधान बर्लुस्कोनींच्या निमित्ताने. त्यांच्यासमोर उभे ठाकलेल्या डाव्या नेत्याचे, बेर्सानींचे, नाव नाशिकच्या वाचनालयांत राजकारणावर हिरिरीने बोलणाऱ्या माझ्या मित्रांनाही ठाऊक नसते, याची मला मनापासून हळहळ वाटते.

पिआचेन्झाजवळच्या बेत्तोला या गावी १९५१ साली त्यांचा जन्म झाला. वडिलांचा पेट्रोलपंप होता. तत्त्वज्ञान शिकलेला हा कम्युनिस्ट कार्यकर्ता १९९३ मध्ये एमिलिया-रोमान्या प्रांताचा अध्यक्ष झाला आणि १९९६ पासून केंद्रात मंत्री. त्यांचे खरे मोठेपण मला या मंत्रिपदांच्या काळात दिसते. १९९९ मध्ये त्यांनी विजेची बाजारपेठ स्पर्धेसाठी खुली केली. २००६ मध्ये, चिठ्ठीविना मिळणारी औषधे फार्मासिस्टच्या उपस्थितीत सुपरमार्केटमध्येही विकण्याची मुभा दिली. आणि २००७ मध्ये मोबाइल रिचार्जवर कंपन्या घेत असलेला वेगळा आकार कायद्याने बंद केला. रविवार कारंज्यावर दहा रुपयांचे रिचार्ज मारून पूर्ण दहाचा टॉकटाइम न मिळाल्याचे ज्यांना आठवते, त्यांना या शेवटच्या निर्णयाचे मोल वेगळे सांगायला नको. बाजारातील मक्तेदारी मोडणे हे डाव्यांचेच काम आहे, कारण तिची झळ सामान्य ग्राहकालाच बसते, ही त्यांची भूमिका मला आजही पटते.

२००९ मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते झाले. २०१२ मध्ये आघाडीचा पंतप्रधानपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीचा प्रचार त्यांनी बेत्तोलाच्या त्याच पंपावरून सुरू केला आणि आपल्याच पक्षातील मातेओ रेन्झी यांना हरवले. फेब्रुवारी २०१३ मध्ये मात्र हातातोंडाशी आलेला घास गेला. कनिष्ठ सभागृहात देशभर सर्वाधिक मते मिळवणाऱ्या आघाडीला तेव्हाच्या कायद्याने जादा जागा मिळत, म्हणून अर्ध्या टक्क्याहूनही कमी मताधिक्यावर त्यांच्या आघाडीला बहुमत मिळाले. पण सिनेटमध्ये जादा जागांचे गणित प्रांतवार असल्याने तिथे बहुमत हुकले, आणि इटलीत सरकारला दोन्ही सभागृहांचा विश्वास लागतो. विनोदी कलाकार बेप्पे ग्रिल्लो यांच्या पंचतारा चळवळ या पक्षाने पाठिंबा नाकारला.

त्यानंतरचा १९ एप्रिलचा दिवस वाचताना आजही चीड येते. राष्ट्राध्यक्षपदासाठी माजी पंतप्रधान रोमानो प्रोदी यांचे नाव सकाळच्या बैठकीत पक्षाने टाळ्यांच्या गजरात मान्य केले आणि संसदेतील दुपारच्या गुप्त मतदानात आघाडीच्याच सुमारे १०१ मतांनी दगा दिला. बेर्सानींनी त्याच रात्री राजीनामा जाहीर केला. दगा देणारे कोण, हे आजवर उघड झालेले नाही; त्या १०१ जणांपैकी एकानेही बाहेर जबाबदारी घेऊ नये आणि पद सोडावे ते नेत्याने, हे मला अन्यायाचे वाटते.

जानेवारी २०१४ मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, तरी पुढच्याच महिन्यात, पंतप्रधान झालेल्या रेन्झी यांच्या सरकारच्या विश्वासदर्शक ठरावासाठी ते सभागृहात आले. २०१७ मध्ये मतभेदांमुळे त्यांनी पक्ष सोडला, २०२२ ची निवडणूक लढवली नाही, आणि २०२३ मध्ये एली श्लाइन नेत्या झाल्यावर ते पुन्हा पक्षात परतले.