जांघेचा ताण: थंडीआधीची नोंद

मंडळी, पावसाळ्यात हाती घेतलेलं जांघेच्या पुढचे आखडलेले स्नायू ताणून मोकळे करायचं काम आता दिसायला लागलंय. उजवी मांडी पलंगाला टेकली. डावी अजून दोन बोटं वर.

ज्यांनी ही चाचणी केली नसेल त्यांच्यासाठी: पलंगाच्या अगदी कडेला बसून मागं आडवं व्हायचं, एक गुडघा छातीशी कवटाळायचा, दुसरा पाय सैल सोडायचा. थॉमस टेस्ट, एकोणिसाव्या शतकातले सर्जन ह्यू ओवेन थॉमस यांच्या नावाची. मांडी वरच तरंगली तर सोआस आणि इलिअॅकस, म्हणजे मांडी वर उचलणारे खोलवरचे दोन स्नायू, आखडलेत. मांडी टेकली पण गुडघा सरळ व्हायला लागला, तर रेक्टस फिमोरिस, मांडीच्या पुढचा लांब स्नायू. तो खुबा आणि गुडघा दोन्ही ओलांडून जातो. माझी डावी बाजू पहिल्या प्रकारातली. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, दिवसभर कॉम्प्युटरपुढं ड्रॉइंग करत बसणाऱ्याचं दुसरं काय होणार!

व्यायाम साधा. एक पाय पुढं, दुसरा गुडघा जमिनीवर, सूर्यनमस्कारातल्या अश्वसंचालनासारखं, पण धड उभं. आणि पुढं रेटायचं नाही. सोआस कमरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला आतल्या बाजूनं जोडलेला असतो. कमरेत कमान पडली की ताण निसटतो आणि आपण मात्र खूप खाली गेल्याच्या खुशीत. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला येणारे तालमीतले एक वस्ताद लांबूनच ओरडतात, "बुड आवळ गा!" तेच खरं. बुड आवळलं की कमान जाते आणि इंचभरही पुढं न सरकता जांघेत असा ताण बसतो की घाम फुटावा.

प्रत्येक बाजूला 30 सेकंद, दोनदा. तेही पळून आल्यावर. पळायच्या आधीच लांबलचक ताण दिला तर पायातला जोर थोडा वेळ उतरतो. म्हणून पळण्याआधी नुसते पाय झुलवायचे.

येळ्ळूरकडून राजहंसगडाच्या चढाला फरक कळतोय. मागचा पाय पुरता मागं जातो, कंबर भरून येत नाही. श्रेय एकट्या ताणाला देणार नाही. पावलाला रबरी पट्टा अडकवून उभ्यानं गुडघा उचलणंही चालू आहे आणि माझ्या मते निम्मं काम त्याचंच.

आता थंडीत सकाळी अंग धरलेलं असतं, म्हणून डावीकडं एक फेरी जास्त. भिंतीला नडगी टेकवून करायचा रेक्टसचा प्रकारही सुरू केलाय. करणार असाल तर गुडघ्याखाली घोंगडं दुमडून घ्या, नुसत्या फरशीवर वाटी फार दुखते.