तुम्ही विचारलंत म्हणून: गार्शिनच्या डोळ्यांबद्दल

घरी येणारे प्रत्येक जण भिंतीवरच्या चित्राकडे बघून विचारतात. हा कोण, आणि नाव सांगितलं की लगेच: इतका उदास चेहरा रोज कसा बघवतो तुम्हाला? शेवट डोळ्यांतच दिसतोय की.

हा रशियन कथाकार व्सेवलोद गार्शिन. रशियन चित्रकार इल्या रेपिनने १८८४ साली रंगवलेला. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, माझ्याकडे छापील प्रत. पुस्तकं आणि कागदांच्या ढिगाऱ्याशी बसलेला माणूस मान वर करून बघतोय. १८८८ साली, ३३ व्या वर्षी त्याने जीव दिला, हे तुम्हाला माहीत असतं. म्हणूनच तुम्हाला ते 'दिसतं'.

माझा दादा असाच गेला. बहिणीच्या लग्नातला त्याचा फोटो मोठा करून हार घातला होता. पंगतीत मठ्ठा वाढता वाढता तो कॅमेऱ्याकडे बघतोय. भेटायला आलेल्या एक बाई फोटोपाशी थांबून म्हणाल्या, "डोळ्यांतच दिसतंय हो. तुमच्या कुणाच्या कसं लक्षात आलं नाही?" आई दारातच उभी होती. त्यानंतर कित्येक महिने ती अल्बम काढून बसायची. मुंजीतला दादा, सहलीतला दादा, शाळेच्या ओळखपत्रावरचा तेल लावून भांग पाडलेला दादा. एकेक फोटो खिडकीशी नेऊन मला विचारायची, "यात दिसतंय का रे?" मी नाही म्हणायचो. तरी ती पान उलटायची. लग्नाच्या त्या दिवशी दादाने दोनदा मागून जिलबी खाल्ली होती, ते मात्र कुणालाच आठवत नव्हतं.

म्हणून गार्शिनसाठी भांडतो. चित्र झालं तेव्हा तो २९ वर्षांचा होता. आदल्याच वर्षी वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या नादेझ्दाशी त्याचं लग्न झालं होतं, रेल्वेच्या एका संस्थेत चिटणीस म्हणून नोकरी होती, 'लाल फूल' ही कथा छापून आली होती. आजार होता, तो मी लपवत नाही. १८८० मध्ये तो पार कोसळला होता, वेड्यांच्या इस्पितळात राहिला होता, आणि 'लाल फूल' तिथल्याच अनुभवातून आली. पण आजारी माणूस रोज मरत नसतो. तो नोकरीवर जातो, लिहितो, चित्रकारासमोर बसतो.

इथे माझं घोडं अडतं. याच सुमारास रेपिन रशियाच्या झारवरचं 'इव्हान द टेरिबल आणि त्याचा मुलगा' हे चित्र रंगवत होता. बापाच्या हातून घाव बसून मरणाऱ्या राजपुत्राच्या चेहऱ्यासाठी त्याने गार्शिनलाच समोर बसवलं. म्हणजे रेपिनलाही काहीतरी दिसलंच होतं. कॉलेजात असताना मी हेच अभिमानाने सांगायचो, की मोठ्या चित्रकाराला पुढचं दिसतं. त्या पोराशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. रेपिनला खरंच दिसलं असेल, तर मी आईला देत होतो त्या उत्तराचं काय?

चित्र भिंतीवरून उतरवणार नाही. गार्शिनची 'चार दिवस' ही कथा माझ्याकडे आहे. १८७७ च्या तुर्कांबरोबरच्या लढाईत गार्शिन स्वतः जखमी झाला होता. कथेतला जखमी सैनिक आपणच मारलेल्या माणसाच्या प्रेताशेजारी चार दिवस पडून राहतो आणि त्याच्याच बाटलीतलं पाणी पिऊन जगतो. घेऊन जा, वाचा. मग त्या पाण्याबद्दल बोलू, डोळ्यांबद्दल नको.