चार स्वस्त टायर, एक व्हर्नियर आणि दोन पावसाळे

मंडळी, वीस महिन्यांची वही आज एकदाची टाइप करून टाकतोय. गाडी २०१८ ची स्विफ्ट, टायर १६५/८० आर१४, त्यापुढे छापलेलं ८५टी. म्हणजे एका टायरवर ५१५ किलो भार आणि ताशी १९० ची मर्यादा. आपल्याला दोन्हीच्या जवळपासही जायचं नाही. मला बघायचं होतं एवढंच, की दुकानातले सगळ्यात स्वस्त टायर किती लवकर झिजतात. प्रश्नच चुकीचा होता, ते पुढे येईलच.

ब्रँडचं नाव लिहीत नाही. चार टायर, एक गाडी, एक ड्रायव्हर, एवढ्यावर एखाद्या कंपनीचा निकाल लावणं बरोबर नाही. कृपया विचारू नका.

फेब्रुवारी २०२४, रीडिंग ४३,८००

कंपनीतून आलेले टायर उतरवले. नक्षीची खाच २.३ मिमी खोल उरली होती. कायद्याची मर्यादा १.६, म्हणजे अजून थोडे चालले असते, पण सहा वर्षांत साईडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, केसासारखे तडे गेले होते. नवे चार १५,२०० ला, बसवणं आणि बॅलन्सिंग धरून. तेव्हा जीएसटी २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला, म्हणजे मूळ किंमत तीच धरली तर ३,८०० चा टायर साडेतीन हजारांना पडायला हवा. आता घेणाऱ्यांनी दुकानात हा हिशेब जरूर करावा.

दुकानात पहिला टायर आणला त्यावर तारखेचे आकडे होते ११२२. म्हणजे २०२२ चा अकरावा आठवडा, जवळजवळ दोन वर्षांचा. दुसरा दाखवा म्हटलं तर, "दादा, माल एकच आहे, गोदामात उन्हात थोडीच ठेवतो आम्ही!" मी खुर्चीवरून उठलो, तशी वरच्या माळ्यावरून ४७२३ चे तीन आणि ४५२३ चा एक निघाला. आपल्या रविवारच्या टोळक्यातल्या वॅगनआरवाल्याने ही उठाठेव केली नव्हती. त्याचे 'नवे' टायर बसवले त्याच दिवशी तीन वर्षांचे होते आणि वर्षभरात खाचांच्या तळाला तडे दिसायला लागले. त्याचं खापर तो अजून ब्रँडवर फोडतो.

नव्याची खाच ७.४ मिमी. मोजायची पद्धत आतापर्यंत बदललेली नाही: प्रत्येक टायर आत, मध्ये आणि बाहेर, प्रत्येक ठिकाणी तीन वेळा, आणि सरासरी. व्हर्नियरची (मिलिमीटरचे अंश मोजणाऱ्या पट्टीची) मागची दांडी खाचेत टेकवताना मधल्या झीज-खुणेच्या, म्हणजे टायर संपल्याचं दाखवणाऱ्या उंचवट्यावर पडली, तर आकडा दीड मिलिमीटरने गंडतो. पहिल्याच महिन्यात मी तसा गंडलो आणि रात्रभर टायर संपल्याच्या दुःखात होतो.

मे २०२४, रीडिंग ४८,१००

पुढे ७.०, मागे ७.२. खूश. आवाज पहिल्या हजार किलोमीटरला होता, नंतर कानाला सवय झाली की टायर शांत झाले ते सांगता येत नाही. आपल्या इथे मिळणारे बहुतेक सगळे टायर उन्हाळी घडणीचेच असतात. बर्फाळ देशांत सात अंशांखाली जे वेगळे मऊ टायर लावतात ते आपण बघितलेलेही नाहीत. त्यामुळे नाशिकच्या चाळिशीत हे टायर कुरकुर करतील अशी शंका नव्हतीच. केलीही नाही.

चूक मी केली. समृद्धीवरून परत येताना पंपावर हवा तपासली. सकाळी घरून ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून निघालो होतो, आता ३८. पंपावरचा पोरगा म्हणाला, "जास्त आहे, काढू?" आणि मी मान डोलावली! दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर २८ होती. आतली हवा साधारण पाच-सहा अंशांनी तापली की एक पीएसआय वाढतो, हे मला पाठ होतं. वाढलेली हवा ही तापल्याची खूण असते, जास्त भरल्याची नव्हे. तरीही माणूस पंपावर हो म्हणतोच. कमी हवेवर साईडवॉल जास्त वाकते, वाकली की तापते, आणि उन्हाळ्यातल्या सिमेंट रस्त्यावर १२० ने पळताना टायर फुटतो तो बहुतेक असाच. तेव्हा हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी, आणि स्वतःच्या गेजने. नायट्रोजनवर वाद नको, साध्या हवेतही ७८ टक्के तोच आहे.

जुलै २०२४, रीडिंग ५०,२००

त्र्यंबक रस्ता, पपया नर्सरीच्या अलीकडे, संध्याकाळचा भुरभुर पाऊस. वेग फार तर चाळीस. समोरची रिक्षा थांबली, मी ब्रेक दाबला, आणि पायाखाली एबीएसचं (चाक घसरायला लागलं की ते लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) ते खर्रर्र सुरू झालं. गाडी थांबली, रिक्षापासून हातभर अंतरावर. जुन्या, जवळजवळ गोटा झालेल्या टायरवर एबीएस कधी जागा झाल्याचं आठवत नाही, आणि इथे सात मिमी खाच शिल्लक असताना!

मी तेव्हा वहीत लिहिलंय: "रस्त्यावर ऑइल असावं." पुढच्या महिनाभरात अशा तीन नोंदी आहेत आणि तिन्हीपुढे ऑइल, चिखल, पांढरा पट्टा अशी कारणं. माझे मिलिमीटर चांगले येत होते, म्हणून टायरवर शंका घ्यायला मी तयार नव्हतो.

डिसेंबर २०२४, रीडिंग ५६,०००

पुढचा डावा टायर बाहेरच्या कडेला ५.७, आत ६.३. सिंहस्थाच्या तयारीची खोदाई आणि आपले खड्डे, दोघांना मिळून श्रेय. टायरवर तळहात फिरवला: बाहेरून आत नेताना गुळगुळीत, आतून बाहेर आणताना करवत. टो-इन, म्हणजे चाकांची तोंडं पुढून आत वळणं, जास्त झाल्याची ही सही. अलाइनमेंट केलं, चाकं पुढची मागे केली. ज्यांच्याकडे व्हर्नियर नाही त्यांनी निदान तळहात तरी फिरवावा; तो फुकट आहे.

याच महिन्यात अंबडला एमआयडीसीत पहिलं पंक्चर. लेथवरची चिप, स्प्रिंगसारखी वळलेली, खाचेत आडवी घुसलेली. अंबड-सातपूरवाल्यांना हे रोजचं आहे, महाग टायरलाही सोडत नाही.

जानेवारी २०२५

टोळक्यातला अंबडवाला रबर पार्टच्या वर्कशॉपमध्ये आहे. त्याच्याकडे शोअर मीटर असतो, रबराचा कडकपणा मोजायचा. घड्याळासारखी तबकडी, खाली बारीक सुई. टायरच्या गुट्टीवर (दोन खाचांमधल्या रबरी ठोकळ्यावर) दाबायचं, काटा बघायचा. एका रविवारी त्याने तो आणला. निफाडला भल्या पहाटे, द्राक्षबागांवर धुकं, हातमोजे नसल्याचा पश्चात्ताप. माझ्या टायरवर काटा ७५ वर. त्याच्या डिझायरला मधल्या किमतीचे टायर आहेत, वय जवळपास तेच: ६८. दुपारी ऊन आल्यावर परत मोजलं तर माझे ७०, त्याचे ६४. थंडीत दोघेही कडक होतात, पण माझे टायर भर उन्हात त्याच्या पहाटेच्या टायरांहून कडक.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. झीज कमी दिसतेय ती रबर कडक आहे म्हणून. ज्या आकड्यावर मी वर्षभर खूश होतो, तोच पावसात एबीएसला उठवत होता. रबरात सिलिका भरपूर घातली की ओल्यात पकड सुधारते, पण सिलिका महाग आणि ती मिसळण्याचं कामही किचकट. स्वस्तात तिथेच हात आखडता घेतला जात असणार, असा माझा अंदाज. युरोपात टायरच्या लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा दर्जा ए ते ई असा छापलेला असतो. आपल्याकडे एआयएस-१४२ मानकाने किमान अट घातली आहे, पण किमान म्हणजे किमान. पास झालेल्यांत पस्तीसवाला कोण आणि ऐंशीवाला कोण, हे दुकानात उभं राहून कळत नाही.

ऑगस्ट २०२५, रीडिंग ६५,१००

हीच ती नोंद, जिच्यासाठी हे सगळं लिहितोय. स्विफ्ट आणि डिझायरची चाकं एकमेकांना बसतात, नट आणि मापं तीच. अंबडवाल्याच्या ओळखीने एका शेडचं बंदिस्त आवार रविवारी मिळालं. सिमेंटची जमीन, पाऊस नुकताच थांबलेला, वर बादल्यांनी पाणी मारून ठेवलेलं. आत आम्ही तिघं सोडून कोणी नाही. (रस्त्यावर हे करू नका. खरंच करू नका.) चारही चाकांत थंड ३३. चाळीसचा वेग, खडूच्या रेघेवर पुढचं चाक आलं की पूर्ण ब्रेक, आणि टेपने मोजायचं. पाच वेळा माझ्या टायरवर, मग जॅक, पान्हा, घाम, आठ चाकांची अदलाबदल, आणि पाच वेळा माझ्याच गाडीवर त्याचे टायर.

माझे टायर: सरासरी ११.८ मीटर. त्याचे: ९.५.

स्पीडोमीटर थोडा जास्त दाखवतो, ब्रेक दाबण्यात माझं मागेपुढे होतं, सिमेंट म्हणजे डांबर नव्हे, सगळं मान्य. पण गाडी तीच, पाय तोच, पाणी तेच. आणि त्याची खाच माझ्याहून कमी होती, ४.४ मिमी! माझी ५.१. तिसऱ्या फेरीनंतर अंबडवाला काहीच बोलला नाही, नुसता दोन्ही टायर जिथे थांबले त्या खडूच्या खुणांच्या मध्ये जाऊन आडवा झोपला. डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण मावला, वर अर्धा मीटर जागा उरली. पुन्हा मोजायची गरज वाटली नाही.

मग कोरडं केलं. कोरड्यात दोघांत हातभराचाही फरक नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण 'स्वस्त टायर म्हणजे मरण' असं म्हणणारेही मला पटत नाहीत.

पैशांचा हिशेब

आपला मुंबई-नाशिक टॅक्सीवाला भाऊ याच किमतीच्या टायरांवर रोज कसारा उतरतो. त्याचं मोजमाप वेगळं: "चाळीस हजार किलोमीटर दे, बाकी मला काय सांगतो भो?" त्याचं चूक नाही, महिन्याला सहा-सात हजार किलोमीटर चालवणाऱ्याला पैसा पैसा मोजावा लागतो. म्हणून त्याच्याच भाषेत बसलो. माझे १५,२०० चे टायर ४५ हजार चालले, तर किलोमीटरला ३४ पैसे. अंबडवाल्याचे २०,८०० चे, ५० हजार धरले तर ४२ पैसे. फरक आठ पैसे. माझं महिन्याचं धावणं सव्वा हजारच्या आत. म्हणजे वीस महिने मी मित्रांना ज्या बचतीचं कौतुक सांगत होतो, ती महिन्याला शंभर रुपयेसुद्धा नाही.

भाऊचा फरक महिन्याला पाचशेच्या पुढे जातो. तो म्हणतो, पावसात मी कसाऱ्यात चाळीसच्या वर जातच नाही. मी त्याला आमचा चाळीसचाच आकडा दाखवला. तो हसला, आणि चहाचे पैसे त्याने दिले.

ऑक्टोबर २०२५, रीडिंग ६७,६००

सरासरी खाच ४.९. चोवीस हजार किलोमीटरला अडीच मिमी. कागदावर हे टायर अजून तीस हजार चालतील आणि टाकून द्यायला हात धजत नाही. दोनच बदलून मागे लावावेत असाही विचार होता. नवे दोन मागेच लावायचे असतात, दुकानदार काहीही म्हणो, नाहीतर ओल्या वळणावर मागची बाजू आधी सुटते. पण ब्रेकचा मोठा भार पुढे पडतो, तिथे कडकच राहिले तर माझे ११.८ मीटर फारसे हलणार नाहीत. म्हणजे चार, नाहीतर काहीच नाही.

शेवटी युरोपातली युक्ती नाशिकला लावली. ते हिवाळी आणि उन्हाळी असे दोन संच ठेवतात, मी पावसाळी आणि कोरडा ठेवणार. जून ते ऑक्टोबर मधल्या किमतीचे टायर, बाकी सात महिने हेच कडक, स्वतंत्र रिमवर चढवलेले. वय दोन्ही संचांचं वाढतच राहणार, खुंटीवर टांगलेल्याचंही. पण माझ्या गणिताने कडक संच तरी चारेक वर्षांत संपेल.

रिमसाठी अंबड लिंक रोडचा भंगार बाजार उठल्यापासून पंचाईत होती. मग सुचलं, लोक अलॉय व्हील लावतात तेव्हा लोखंडी रिम दुकानातच टाकून जातात. पाथर्डी फाट्याकडच्या एका दुकानातून नऊशेला एक अशा चार मिळाल्या. तीन चोख. चौथीची कड वाकलेली; ठोकून सरळ केली, तरी बॅलन्सिंगला ६५ ग्रॅम वजन लागलं. ती मागे उजवीकडे जाणार आणि तिच्यावर माझी नजर राहणार.

सध्या रिकाम्या रिम बाल्कनीत, जास्वंदीच्या कुंड्यांच्या जागी. घरून मिळालेली मुदत मेअखेरपर्यंत आहे.