वाशिष्ठीची गारगोटी: तिसऱ्या खेपेला चकाकी आली

गणपती गेले, वाशिष्ठीचं पाणी ओसरलं आणि चिपळूणच्या खालच्या अंगाला गोट्यांचे नवे थर उघडे पडले. तिथेच ही अंड्याएवढी, मळकट पिवळी गारगोटी मिळाली. वरून काहीच खास नव्हती. उन्हाकडे धरली तर कडेतून मधासारखा उजेड आरपार आला, म्हणून घरी आणली.

सह्याद्रीचा काळा फत्तर म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, पुढे त्या पोकळ्यांत सिलिकाचं पाणी झिरपून थरावर थर बसले. फत्तर झिजून जातो, गारगोटी टिकते आणि पुराबरोबर खाली येते. चाकूनं ओरखडून पाहिलं. दगडाला काही झालं नाही, उलट पात्याचाच करडा माग त्याच्यावर उठला. म्हणजे हे कॅल्साइट, चुनखडीतलं मऊ खनिज, नाही. 1 ते 10च्या मोस मापावर त्याची कठीणता जेमतेम 3, हिची 7च्या आसपास.

टाइल कटरला डायमंडचं पातं लावून, वरून पाण्याची धार सोडत कापली. कोरडा दगड कधीच कापू नका. सिलिकाच्या धुळीनं सिलिकोसिस होतो आणि एकदा बिघडलेली फुप्फुसं पुन्हा सुधारत नाहीत. दोन भाग झाले आणि आत पांढरे-राखाडी पट्टे, अगदी मधोमध खडीसाखरेसारखे गारेचे स्फटिक! मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

खरं काम घासण्याचं. काचेवर सिलिकॉन कार्बाइडची पावडर आणि पाणी, नंबर जितका मोठा तितकी पावडर बारीक: 80, 220, 400, 600, 1000, शेवटी चामड्यावर चकाकी आणणारी सेरियम ऑक्साइडची पावडर. दोनदा शेवटपर्यंत गेले आणि दोन्ही वेळा चकाकीखालून बारीक ओरखडे वर आले. काका बघून म्हणाले, "अगं, ओला बघतेस म्हणून फसतेस. पुसून, सुकवून बघ." अगदी खरं. पाणी ओरखड्यात भरतं आणि दगड गुळगुळीत झाल्यासारखा वाटतो.

तिसऱ्या खेपेला प्रत्येक नंबरला वेगळी काच घेतली. मध्ये दगड धुतला, नखंही ब्रशनं घासली, कारण 220चा एक कण 600च्या काचेवर आला की सगळी मेहनत वाया. शिवाय सुकल्या दगडावर मार्करनं रेघोट्या मारून पुसल्या. शाई जिथे अडकून राहिली तिथे ओरखडा आहेच. 400वर चार संध्याकाळी गेल्या. कंटाळा येतो, पण तीच पायरी मी आधी उरकून टाकली होती.

काल रात्री पडवीतल्या ट्यूबलाइटची सरळ, न मोडलेली रेघ दगडात दिसली.

डाव्या कडेला एक चीर आहे, म्हणून तिथे अजून हात लावलेला नाही. मैत्रिणीनं स्टिलबाइट या खनिजाच्या स्फटिकांचा गुच्छ दिलाय, तो मात्र कापणार नाही, कठीणता 3.5 ते 4, आणि पापुद्र्यासारखा सुटतो. तो आहे तसाच कपाटात राहील. पुढचा नंबर लाल जॅस्पर दगडाचा, 80च्या काचेवर कालच चढवलाय.