बियाणं मोजायचं राहिलंय

आता सगळ्याच कॉलेजांत इंटर्नशिप, फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग सुरू झालंय, नवीन शैक्षणिक धोरणामुळे बीए बीकॉमच्या मुलांनाही कुठेतरी जाऊन काम करावं लागतंय, त्यामुळे ओळखीतले प्राध्यापक मला विचारतात की तुमच्याकडे हे किती वर्षं चाललंय, मुलं खरंच काही शिकतात का. कृषी महाविद्यालयांत हे जुनंच आहे. बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला सातव्या सत्रात पोरं गावात राहायला जातात, कागदावर त्याला ग्रामीण कृषी जागरूकता आणि कृषी औद्योगिक कार्यानुभव असं लांबलचक नाव आहे, आम्ही सगळे रावे म्हणतो. मुलगे गेले की ते कृषीदूत, मुली गेल्या की कृषीकन्या. जून-जुलैमध्ये पेपरच्या जिल्हा पानावर फोटो असतो बघा, मागे बॅनर, पुढे सरपंच, मधे घमेल्यात बियाणं आणि ॲप्रन घातलेल्या पाच-सहा मुली. मी वनस्पती रोगशास्त्र शिकवते आणि असे गट तपासायला गावोगाव जाते. शिकतात का, या प्रश्नाला मी दरवेळी एकच दिवस सांगते.

२०२३ चा जुलै. त्या साली पाऊस फार लांबला होता, अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ आलं आणि मान्सून पुढे सरकेचना, राज्यभर पसरायला जूनचा शेवट आला. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याच्या बाजूला एका गावात आमच्या सहा मुली होत्या, शाळेजवळच्या एका घराच्या दोन खोल्यांत राहायच्या. मी गेले त्याच्या आदल्या दोन रात्री पाऊस चांगला झालेला, लोक सकाळी उठून काळ्या रानात हात घालून ओल बघत होते, वीतभर गेली की पेरायचं. सोयाबीनला पेरणीआधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पाहिजे असं आम्ही शिकवतो, गावातली माणसं ते हाताने सांगतात आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. गावात नुसती घाई. तिफणी बाहेर काढलेल्या, ट्रॅक्टरवाल्याचा फोन लागत नाही, पोरं शाळेत न जाता रानात.

त्या दिवशी बीजप्रक्रियेचं, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध आणि जिवाणू लावायचं, प्रात्यक्षिक होतं. सरपंचांच्या शेजारी एक मावशी राहतात, अडीच एकर रान, मुलगा-सून रांजणगावला कंपनीत, शेत या एकट्याच बघतात. प्रात्यक्षिक त्यांच्या ओसरीवर, त्यांच्याच बियाण्यावर करायचं ठरलेलं. बॅनर लागला होता, ताडपत्री अंथरली होती, पोत्याचं तोंड सोडलेलं, सरपंच आले, कृषी सहायक आले, वीसेक शेतकरी जमले. मुलींनी हातमोजे घातले, एकीने बुरशीनाशकाचं पाकीट कापायला कात्री घेतली. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी रायझोबियम आणि पीएसबी ही जिवाणू खतं हा क्रम, जिवाणू आधी लावले आणि वरून औषध चोळलं तर जिवाणू मरतात, हे मुलींना पाठ होतं.

तेवढ्यात गटातली एक मुलगी घाईघाईने रस्त्यावरून आली. देवगडकडची, सोयाबीन तिने कॉलेजला येईपर्यंत रानात बघितलंही नव्हतं. हातात गोणपाटाची ओली गुंडाळी. आली ती सरळ ताडपत्रीपाशी आणि माझ्याकडे बघून म्हणाली, मॅडम, पाकीट नका फोडू, मावशींचं बियाणं मोजायचं राहिलंय.

सरपंच उभे, लोक उभे, फोटोवाला मुलगा मोबाईल धरून उभा. गटातल्या बाकीच्या मुलींचे चेहरे उतरले, कारण तपासणीच्या दिवशी मॅडमसमोर असं काही होऊ नये असंच प्रत्येकाला वाटतं. मी म्हटलं, मोज.

यातलं आधीचं सांगायला पाहिजे. गावात आल्याबरोबर या मुलीने सगळ्या गल्लीचं बियाणं उगवणीला लावलं होतं. आमच्या यादीप्रमाणे उगवणक्षमता चाचणीचं एक प्रात्यक्षिक पुरतं, एका घरी करा, फोटो काढा, अहवालात लावा. हिने घरोघर जाऊन मूठमूठ बियाणं आणलं, गोणपाटाचे तुकडे धुऊन ओले केले, दहा दहाच्या ओळी करून शंभर दाणे मांडले, वर दुसरा ओला तुकडा, मग सैलसर गुंडाळी करून सावलीत. रोज पाणी शिंपडायचं, सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. शंभरात सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं, सत्तरच्या खाली साठपर्यंत आले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवायचं, साठ आले तर एकरी ३५ किलो. साठच्याही खाली असेल तर ते बियाणं पेरूच नये. आणि प्रत्येक घरच्या दोन गुंडाळ्या केल्या होत्या, एक स्वतःकडे आणि एक त्याच घरी, पाणी त्या घरच्या माणसानेच घालायचं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मावशींचं बियाणं उशिरा मिळालं म्हणून त्यांची गुंडाळी त्या सकाळी उघडायची होती.

ताडपत्रीवर बसून तिने गुंडाळी सोडली. बघताक्षणी कळत होतं. काही दाणे फुगून बुळबुळीत झालेले, काहींवर पांढरी बुरशी, काहींचा कोंब निघून वाकडा होऊन थांबलेला. मोठ्याने मोजलं. त्रेचाळीस.

मावशी चिडल्या. माझ्या घरचं बियाणं हाय, मागच्या साली हेच पेरलं व्हतं, म्या काय आज पेरायले का, काहून नाव ठेवायली माय. लोकांतही कुजबुज, कोणी म्हणालं पोरींनी पाणी जास्त घातलं असेल. ती मुलगी वाद घालत बसली नाही. म्हणाली, मावशी, तुमच्याकडची गुंडाळी आणा, पाणी तुम्हीच घातलंय ना, तुम्हीच मोजा. मावशी आत गेल्या, माठाच्या मागे ठेवलेली गुंडाळी घेऊन आल्या, उकिडव्या बसल्या आणि एकेक दाणा बोटाने बाजूला करत मोजायला लागल्या. मधे एकदा चुकल्या, परत पहिल्यापासून. सेहेचाळीस. मग काही बोलल्याच नाहीत.

मी पोत्यातले दाणे हातावर घेऊन बघितले. सोयाबीनची साल फार नाजूक असते आणि कोंब सालीच्या अगदी लगत असतो, जरा मार बसला की उगवण गेली. कितीतरी दाण्यांना बारीक चीर होती. विचारलं तर कारण समजलं, २०२२ च्या ऑक्टोबरात काढणीला पाऊस लागला, गंजी भिजली, मिळेल तेव्हा मळणीयंत्र आणलं, त्याने घाईत वेग वाढवून मळलं, मग पोती एकावर एक भिंतीला लावून ठेवली. असं आधीही झालंय, २०१९ ला काढणीच्या वेळी पाऊस पडत राहिला आणि २०२० च्या खरिपात राज्यभरातून सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारी आल्या, प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. भिजलेल्या काढणीचं बियाणं पुढच्या वर्षी दगा देतं आणि वरून बघून ते ओळखू येत नाही, म्हणून तर मोजायचं.

आता यातली गोष्ट अशी, की पाकीट फोडलं असतं तर? बुरशीनाशक लावलेलं सोयाबीन ना पेरायच्या कामाचं राहिलं असतं ना विकायच्या, ना माणसाला ना जनावराला. पाऊण क्विंटल माल फुकट, आणि तो आमच्या हाताने, बॅनरखाली, टाळ्या वाजवून. आणि कळलं नसतं तर पेरलं असतं, निम्मं उगवलं असतं, मग दुबार पेरणी. अडीच एकराच्या बाईला दुबार पेरणी म्हणजे सावकार.

मावशींनी विचारलं, मंग आता काय पेरू?

पुस्तकातलं उत्तर मला माहीत होतं, प्रमाणित बियाणं विकत आणा. पण ३० किलोची पिशवी तीन हजाराच्या पुढे, त्यांना अडीच पिशव्या लागणार, आणि जवळचे पैसे आदल्या आठवड्यात खतात गेलेले, डीएपीची गोणी १३५० ला. मी कृषी सहायकांकडे बघितलं, अनुदानाचं बियाणं आधीच वाटून झालं होतं. त्या मुलीलाही काही सुचत नव्हतं, ती नुसती वही धरून उभी. मग तिने वही उघडली आणि पानं उलटायला लागली. त्यात गल्लीतल्या प्रत्येक घराचा आकडा होता. कोणाचे ७२, कोणाचे ८१. एका आजोबांचे ८८. ते तिथंच गर्दीत मागे उभे होते. तिने विचारलं, आजोबा, तुमचं बियाणं सगळं लागणार का तुम्हाला?

आजोबांकडे दोन पोती जास्तीची होती, भाव वाढला की मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, घालायची म्हणून ठेवलेली. सोयाबीन सरळ वाण आहे, स्वतःच्याच परागावर येणारं, त्यामुळे चांगलं निवडून ठेवलेलं घरचं बियाणं पुढची दोन-तीन वर्षं बिनधास्त चालतं, कपाशीच्या संकरित बियाण्यासारखं दरवर्षी विकत घ्यावं लागत नाही. हे मी वर्गात किती वर्षं सांगतेय, पण एका घरचं जास्तीचं दुसऱ्या घरी द्यायचं, हे तिथं त्या वहीमुळे सुचलं. त्यानंतरचं सगळं गावकऱ्यांनीच जुळवलं. आधी आजोबा म्हणाले सवाईनं देतो, म्हणजे सुगीला सव्वापट परत. सरपंच म्हणाले एकट्या बाईकडून सवाई नको. मग ठरलं की मावशींचं सोयाबीन आजोबा धान्य म्हणून घेणार आणि मोंढ्यावर घालणार, तेलाला ते चालतंच, बदल्यात वजनाला वजन बियाणं देणार आणि वर दहा किलो मावशींनी दिवाळीच्या सुमाराला द्यायचे. औषध लागलं नव्हतं म्हणूनच हा व्यवहार होऊ शकला.

मग प्रात्यक्षिक झालं, आजोबांच्या बियाण्यावर, मावशींच्या ओसरीवर. आणि मी इतक्या वर्षांत बघितलेलं सगळ्यात मन लावून ऐकलेलं प्रात्यक्षिक ते होतं. एरवी लोक सरपंच उठले की उठतात. त्या दिवशी प्रश्नावर प्रश्न, हाताने चोळू नका का म्हणता, जिवाणू लावल्यावर उन्हात वाळवलं तर काय होतं, काल लावून ठेवलं तर आज चालेल का. मुलींनी उत्तरं दिली, एका ठिकाणी अडल्या तिथं कृषी सहायकांनी सांगितलं. दोन शेतकरी ज्यांनी चाचणीला दाणे दिले नव्हते ते घरून मूठभर बियाणं घेऊन आले, त्यांना तिने खरं सांगितलं की आता सहा दिवस थांबायला लागेल, एकजण थांबला, एकाने दुसऱ्या दिवशी तसंच पेरलं.

मावशींनीही दुसऱ्या दिवशी पेरलं. आठवड्याने मी परत गेले तेव्हा ओळी भरलेल्या होत्या, मधे मोकळी जागा नव्हती. पुढे त्या साली ऑगस्ट कोरडा गेला, १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट, फुलात आणि शेंगा धरायच्या वेळी पाणी नाही, गावात सगळ्यांचाच उतारा पडला, त्यांचाही. दहा किलो मात्र त्यांनी आजोबांना दिले.

महाविद्यालयात गुण द्यायची वेळ आली तेव्हा माझं एका सहकाऱ्याशी बोलणं झालं, त्यांचं म्हणणं कार्यक्रम वेळेवर झाला नाही, ठरलेल्या शेतकऱ्याचं बियाणं बदललं, अहवालात सरपंचांचा फोटो नाही. मी त्यांना ती वही दाखवली. मला हे मनापासून वाटतं की मुलांना बाहेर पाठवायचं तर अशा ठिकाणी पाठवावं जिथं त्यांच्या कामावर कुणाचं तरी खरंच काहीतरी अवलंबून आहे, आणि त्या माणसाला त्यांना जाब विचारता आला पाहिजे. मावशींनी तिला ‘काहून’, म्हणजे का, असं विचारलं तसं. ती परीक्षा आम्हाला घेता येत नाही, तोंडी परीक्षेत तर नाहीच. हॉस्पिटलात स्वयंसेवक म्हणून गेलेली मुलं असोत, परदेशात एक सत्र करायला गेलेली असोत, मला त्यांच्या सर्टिफिकेटपेक्षा हेच विचारावंसं वाटतं की तिथं तुला कोणी प्रश्न विचारला आणि तू काय केलंस.

तिच्या गटातल्या मुली त्या दिवशी तिच्यावर थोड्या नाराज होत्या हे मला दिसलं होतं. संध्याकाळी निघताना बघितलं तर सगळ्याजणी पुढच्या गल्लीतून मूगाचे दाणे गोळा करत होत्या, पाऊस लांबल्यामुळे मूग पेरायची वेळ निघून चालली होती आणि ज्यांना पेरायचाच होता त्यांना निदान उगवेल की नाही हे कळावं म्हणून.

आता माझ्याकडच्या गटांना मी जूनमध्येच, गाव ठरल्याबरोबर, बियाणं गोळा करायला पाठवते, राहायला जायच्या आधी. दोन गुंडाळ्या, एक शेतकऱ्याच्या घरी, पाणी त्याने घालायचं, मोजायचंही त्यानेच. आणि वहीत आकड्याच्या पुढे एक रकाना जास्त आहे, जास्तीचं बियाणं आहे का आणि किती. आमच्या जिल्ह्यातल्या आणखी एका महाविद्यालयाने तो रकाना घेतलाय, बाकीच्यांनी घेतला तर बरं होईल, त्याला ना निधी लागतो ना परवानगी.