साडेअकरालाच भरलेला चारचा रकाना

आईला शुश्रूषेसाठी जिथे ठेवलंय, तिथे तिच्या पलंगाशी एक तक्ता टांगलेला असतो. दर २ तासांनी तिची कूस बदलायची आणि रकान्यात खूण करायची. परवा मी सकाळी साडेअकराला पोचले, तर दुपारी चारच्या रकान्यातही खूण!

आधी चादर वर केली, टाच पाहिली. लाल. बोटाने दाबून सोडली. साधी लाली असेल तर दाबल्यावर ती जागा क्षणभर पांढरी पडते. ही लालच राहिली. म्हणजे बेडसोरची, एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात. (गडद त्वचेवर लाली नीट दिसत नाही. तिथे जागा गरम किंवा टणक लागते का, ते हाताने बघावं.)

मावशींना विचारलं. थोडा वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "ताई, आम्ही दोघी आणि पेशंट २२. तक्ता रिकामा दिसला की बोलणी बसतात. पेशंट तसाच पडून राहिला, तर कुणी विचारत नाही." भांडायला म्हणून तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

मग ऑफिसात गेले. तोंडी सांगितलं की "बघतो" एवढंच ऐकायला मिळतं, म्हणून लेखी दिलं. तारीख, वेळ, टाचेचा आणि तक्त्याचा फोटो. खाली प्रश्न: रात्रपाळीला माणसं किती? टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटरीखाली उशी कोण ठेवणार? पाणी कोण पाजणार? म्हातारपणी तहान लागल्याचं नीट कळत नाही. उशाशी भरलेला तांब्या ठेवला म्हणजे पाणी पाजलं असं होत नाही. अर्जावर पोच घेतली, तेव्हा साहेब जरा सरळ बसले.

आता रात्री एक माणूस वाढलाय. तक्ताही वेळेवर भरतात, बहुतेक. मी मात्र न कळवता, वेळ बदलून जाते.

शेजारच्या पलंगावरच्या आजींना भेटायला कुणीच येत नाही. काल त्यांना विचारलं, "आजी, पाय बघू का?"

"बघ की. पण गार हात लावू नकोस."

तळवे चोळून ऊन केले आणि त्यांची चादर वर केली. डावी टाच ठीक होती. उजवीसाठी आज दुसरा अर्ज दिलाय.