पेनल्टी बॉक्समागे उभी राहून

रोलर डर्बी हा चाकांचे स्केट्स घालून खेळायचा खेळ. त्याच्या पहिल्या सामन्यात मी अख्खा वेळ ताऱ्याकडेच बघत बसले होते.

भाची म्हणाली, "मावशी, तू ये तर खरी, काही कळलं नाही तरी चालेल." म्हणून गेले. ट्रॅक म्हणजे हॉलच्या सपाट जमिनीवर आखलेलं लंबवर्तुळ. कडेला दोर, त्यावर चिकटपट्टी. दोर अशासाठी, की रेषा आली हे मान खाली न घालता चाकाखालीच कळावं. भाची समोरून गेली तेव्हा तिच्या पाठीवरचा नंबर दिसला: 1938. माझ्या आईचं जन्मसाल. त्याबद्दल ती मला एका शब्दाने बोलली नव्हती.

रोलर डर्बीत चेंडू नसतो. प्रत्येक संघाच्या पाच जणी ट्रॅकवर, चार ब्लॉकर आणि एक जॅमर. जॅमरच्या हेल्मेटवर तारा असतो. ती ब्लॉकरच्या घोळक्यातून एकदा बाहेर पडते आणि फेरी मारून पुन्हा घुसते. त्यानंतर विरोधी संघाच्या जितक्या ब्लॉकर मागे टाकेल तितके गुण. अशा एका डावाला जॅम म्हणतात. एक जॅम जास्तीत जास्त दोन मिनिटांचा, मग 30 सेकंद थांबायचं, की पुढचा. असा 60 मिनिटांचा खेळ. नवखा माणूस तारा बघणारच, गुण तोच मिळवतो ना!

तिसऱ्या सामन्यात माझी नजर बदलली. आमची जॅमर पेनल्टीत, नियम मोडल्याची शिक्षा म्हणून ट्रॅकबाहेर बसली होती, म्हणजे 30 सेकंद ट्रॅकवर तारा फक्त समोरच्यांचा. भाची आणि आणखी एक जण खांद्याला खांदा, कमरेला कंबर लावून उभ्या. तिसरी त्यांच्याकडे तोंड करून, दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून उलटी सरकत होती. मागून येणारी जॅमर फक्त तिलाच दिसत होती. "आत! आत! बाहेर!" एवढंच ती ओरडायची आणि भिंत तेवढी सरकायची. जॅमरने धडक दिली, मागे गेली, पुन्हा दिली. चाकं जमिनीवर करकरली. 30 सेकंद ती बाहेर पडू शकली नाही. फलकावर काहीच हललं नाही, पण आमचा अख्खा बेंच उठून उभा राहिला होता. मीही.

याला मारामारी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. खांदा लावा, कंबर लावा, छाती लावा. पण कोपर नाही, डोक्यावर नाही, पाठीत नाही. सात पेनल्टी झाल्या की खेळाडू सामन्याबाहेर. 1935 साली शिकागोत लिओ सेल्टझरने हा प्रकार सुरू केला तेव्हा ती लांब पल्ल्याची शर्यत होती, पुढे त्याचा टीव्हीवरचा तमाशा झाला. आजचा खेळ 2001 पासून टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या बायकांनी नव्याने उभा केला, आणि तो बहुतेक ठिकाणी खेळणाऱ्याच चालवतात. ट्रॅकची पट्टी चिकटवायलाही त्याच असतात.

एकदा एक जण पडली ती उठेचना. शिट्टी वाजली आणि दोन्ही संघ, जिथे होते तिथे, एका गुडघ्यावर बसले. हॉलमध्ये कुणी बोलेना. ती उठल्यावर सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या जिच्या धडकेने ती पडली होती तिने. (पडताना हाताच्या मुठी मिटायच्या, असं त्यांना पहिल्याच दिवशी शिकवतात. बोटांवरून कुणाचं चाक जाऊ नये म्हणून. तिच्या मुठी मिटलेल्या होत्या.)

त्याच संध्याकाळी आवराआवर करताना कुणीतरी मला विचारलं, "घड्याळ सांभाळाल का?" स्केट्सवरचे पंच जास्तीत जास्त सात असतात, पण स्केट्सशिवाय काम करणारी माणसंही लागतात. गुण लिहायला, पेनल्टी नोंदवायला, वेळ मोजायला. मला स्केटिंग येत नाही, शिकायचं वयही गुडघ्यांनी ठेवलेलं नाही. आता मी पेनल्टी बॉक्समागे स्टॉपवॉच घेऊन उभी असते.

तिथे टाळी वाजवायची नाही, कुणाचं नाव घेऊन ओरडायचं नाही. सुरुवातीला फार जड गेलं. पण इतक्या जवळून मी हा खेळ आधी पाहिला नव्हता. खेळाडू येऊन धपकन बसते, मी बटण दाबते. माउथगार्ड काढून ती दोन श्वास घेते, नजर ट्रॅकवरच. दहा सेकंद उरले की मी म्हणते, "स्टँड." वेळ संपली की, "डन."

गेल्या सामन्यात भाची येऊन माझ्यासमोर बसली. मी कुणाची कोण हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मी शेजारच्या घड्याळवालीकडे पाहिलं. तिने मान हलवली, तूच मोज. भाचीने मागे वळून पाहिलं नाही. खांदे वर-खाली होत होते, घामाने जर्सी पाठीला चिकटली होती आणि माझ्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, 1938.

"स्टँड," मी म्हटलं. ती उभी राहिली.

"डन."